फिट खरी, रिपोर्ट नॉर्मल: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) नॉर्मल आहे, एमआरआय नॉर्मल आहे, तरी फिट येते, असं कसं. मी चार ओळींत उत्तर दिलं होतं की याला फंक्शनल सीझर म्हणतात, म्हणजे एपिलेप्सीची (मिरगीची) नसलेली फिट, डिसोसिएटिव्ह सीझर असंही नाव आहे, केसपेपरवर अजून 'स्यूडोसीझर', म्हणजे 'खोटी फिट', लिहिलेलं दिसतं, आणि ही माणसं नाटक करत नसतात. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी या वेळी सगळी पानं याच विषयाला दिली. पत्रं वाचताना सारखं जाणवत होतं की लोकांनी फिटबद्दल कमी लिहिलंय, आणि दवाखान्यात आपल्याशी कोण काय बोललं, कसं बोललं, हे मात्र शब्दनशब्द लिहिलंय. दहा-दहा वर्षांपूर्वीची वाक्यं लोकांना पाठ आहेत. म्हणून उत्तरंही तशीच देते. नावं, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: मॅडम मी २४ वर्षांची आहे, बीकॉम झालंय, एका पतसंस्थेत कामाला होते, आता घरीच असते. दीड वर्षापासून मला फिट येतात, आधी कानात सूं असा आवाज येतो, मग हातपाय गार पडतात आणि आपोआप हलायला लागतात, डोळे मिटलेले असतात पण बऱ्याचदा मला आजूबाजूचं ऐकू येत असतं फक्त बोलता येत नाही. एकदा ऑफिसमध्येच पडले तर साहेबांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, तिथे कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी छातीच्या हाडावर मुठीने इतकं जोरात रगडलं की चार दिवस निळं होतं, नाकाला कसलातरी उग्र बोळा लावला. मी सगळं ऐकत होते. एकजण म्हणाला, "काही नाही रे, ड्रामा आहे, बॉयफ्रेंडशी भांडण झालं असेल, पडू दे तिकडे." माझी आई शेजारी उभी होती. घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, कोण आहे तो मुलगा. मॅडम कोणी नाहीये. आता मलाच रात्री वाटतं की मी खरंच नाटक करत असेन आणि मलाच कळत नसेल. फिट आली तरी दवाखान्यात नेऊ नका असं मी घरी सांगून ठेवलंय. — नाव नको, इचलकरंजी

उत्तर: तुला तूच म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. नाही, तू नाटक करत नाहीयेस. नाटक करणाऱ्या माणसाला आपण नाटक करतोय हे माहीत असतं, त्याला रात्री झोप उडवून हा प्रश्न पडत नाही. आणि हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाहीये, गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या ओपीडीत किती जणींनी, किती जणांनी मान खाली घालून हेच विचारलंय. दहा लोकांनी एखाद्याला सांगितलं की तू खोटा आहेस तर अकराव्या दिवशी तो स्वतःलाच विचारायला लागतो, तसं झालंय तुझं.

घरातला एमसीबी ट्रिप होतो ना, तसं समज. वायरमन येतो, सगळं वायरिंग तपासतो, कुठे जळलेलं नाही, तुटलेलं नाही. पण दिवे खरंच गेलेले असतात. दिवा नाटक करतोय असं कोणी म्हणत नाही. एपिलेप्सीत मेंदूच्या पेशींमध्ये विजेचं वादळ उठतं आणि ते फिटच्या वेळी ईईजीत पकडता येतं. तुझ्या फिटमध्ये ते वादळ नसतं, पण मेंदूची धोक्याची घंटा आणि शरीरावरचा ताबा यांचं कनेक्शन काही मिनिटांसाठी सुटतं, शरीर आपलं आपण हलतं आणि तुझं त्यावर काही चालत नाही. उपमा काही तंतोतंत जुळत नाही, पण घरच्यांना समजावायला उपयोगी पडेल. ऐकू येत होतं म्हणजे शुद्धीत होती, शुद्धीत होती म्हणजे मुद्दाम करत होती, हा हिशोबच चुकीचा आहे. या फिटमध्ये अर्धवट भान राहणं, आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येणं आणि तरी बोट हलवता न येणं, हे खूप लोक सांगतात.

छातीवर रगडलं त्याबद्दल. बेशुद्ध माणूस किती बेशुद्ध आहे हे बघायची ती एक पद्धत आहे, एकदा, हलक्या हाताने, आणि खरी गरज असली तरच. खोटेपणा पकडायला ती नाहीये. निळं पडेपर्यंत रगडणं ही इजा आहे आणि तुझ्याशी वाईट वागलं गेलं, हे मी डॉक्टर म्हणून स्पष्ट लिहिते. त्या डॉक्टरांच्या बॉयफ्रेंडच्या वाक्याने तर फिटपेक्षा जास्त नुकसान केलं, कारण ते तुझ्या घरात शिरलं. आईला हे पान वाचायला दे. ताई, तुमच्या मुलीला आजार आहे, त्यात मुलगा शोधू नका.

आता पुढचं. तुझं निदान नीट झालेलं दिसत नाही, फक्त रिपोर्ट नॉर्मल म्हणून सोडून दिलंय. फिट नसताना काढलेला वीस मिनिटांचा ईईजी नॉर्मल आला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, एपिलेप्सी असलेल्या कितीतरी लोकांचाही तो नॉर्मल येतो. खात्री करायची तर व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून कॅमेऱ्यासमोर ठेवतात आणि फिट येईपर्यंत वाट बघतात. मुंबईच्या केईएमला होतो, बंगळुरूच्या निम्हान्सला होतो, मोठ्या शहरात खासगीतही होतो. तोपर्यंत घरच्यांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांग, चेहरा आणि पूर्ण शरीर दिसेल असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चांगल्या न्यूरॉलॉजिस्टला त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओतून जेवढं कळतं तेवढं दहा पानी फाईलमधून कळत नाही. जर्मनीत बॉनच्या एपिलेप्सी सेंटरमधल्या पेशंट्सचा एक अभ्यास २००२ मध्ये आला होता, त्यात पहिल्या फिटपासून बरोबर निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षं गेली होती. तुझं दीड वर्ष झालंय, आत्ताच धाव घेऊ.

आणि दवाखान्यात नेऊ नका हे जे सांगून ठेवलंयस ते मागे घे बाळा. डोकं आपटलं, जीभ फाटली, श्वासाला त्रास झाला तरी तू जाणार नाहीस असा त्याचा अर्थ होतो. सोबत एक कागद ठेव, त्याचं खालच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न: माझ्या मिसेसला चार वर्षांपासून हा त्रास आहे. मागच्या वर्षी फिट एक तास थांबेना, जवळच्या हॉस्पिटलात नेली, तिथे एकावर एक इंजेक्शनं दिली, श्वास मंद झाला म्हणून नळी टाकली, दोन दिवस व्हेंटिलेटर. बिल सव्वा लाखावर गेलं. नंतर मोठ्या डॉक्टरांनी व्हिडिओ ईईजी करून सांगितलं की ही एपिलेप्सी नाही. मग राग कुणावर काढायचा? आणि परत फिट आली तर नेमकं काय करायचं, न्यायचं की नाही न्यायचं, हे कुणीच सांगत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, रागाचं आधी. एक तास न थांबणारी फिट समोर आली की डॉक्टरला भीती असते की ही एपिलेप्सी असेल तर मेंदूला इजा होईल, म्हणून तो औषध देतो, त्यात हेतू वाईट नसतो. पण चूक होते, आणि फक्त आपल्याकडे होते असंही नाही. अमेरिकेत न थांबणाऱ्या फिटसाठी तीन औषधांची तुलना करणारी मोठी ट्रायल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, मोठमोठ्या इमर्जन्सी विभागांत झालेली, त्यातसुद्धा साधारण दर दहा पेशंटमागे एकाची फिट मुळात एपिलेप्सीची नव्हती असं मागाहून कळलं. या औषधांनी फंक्शनल फिट थांबत नाही, झोप मात्र वाढत जाते, श्वास दबतो, आणि मग नळी. तुमच्या मिसेसचं हेच झालं असणार. खरा राग यायला पाहिजे तो याचा, की चार वर्षांत कोणी तुम्हाला एक कागद लिहून दिला नाही.

तो कागद आता मागून घ्या. न्यूरॉलॉजिस्टच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, पाच-सहा ओळी पुरतात. यांना व्हिडिओ ईईजीने फंक्शनल सीझरचं निदान झालंय, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी. फिट अशी दिसते, साधारण इतकी मिनिटं चालते, स्वतःहून थांबते. एपिलेप्सी सोबत आहे किंवा नाही. फिट चालू असताना शांत जागा द्या, ऑक्सिजन आणि नाडी बघा, पेशंटशी नाव घेऊन बोला. मिडाझोलाम, लोराझेपाम ही फिट थांबवायची औषधं वारंवार देऊ नका, दुखवून तपासू नका. नेहमीपेक्षा वेगळी दिसली, ऑक्सिजन उतरला, डोक्याला मार लागला, ताप आहे, पोटुशी आहे, तर नव्याने तपासा. खाली डॉक्टरांचा फोन. याची एक प्रत पर्समध्ये, एक तुमच्या मोबाईलमध्ये फोटो काढून, एक जवळच्या हॉस्पिटलात आधीच नेऊन द्या, शांत वेळी, सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत, कॅज्युअल्टीच्या मोठ्या डॉक्टरांना भेटून. रात्री दोन वाजता भांडत दिलेल्या कागदाला कोणी बघत नाही हो, मी तिथे काम केलंय.

घरी फिट आली तर खाली चटईवर घ्या, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली चादर, जमलं तर कुशीवर. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा नाही, चप्पल नाही. हातपाय दाबून धरू नका, दाबलं की बऱ्याचदा वाढते. शेजारपाजारच्यांना बाहेर काढा. हळू आवाजात सांगत रहा की तू सुरक्षित आहेस, मी इथेच आहे, थांबेल हे. तिला ऐकू येत असेल असं धरूनच बोला. आणि वर कागदात जे नव्याने तपासा म्हणून लिहिलंय त्यातलं काही दिसलं तर मात्र उचलून न्या, तेव्हा घरी थांबायचं नाही.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे, उपजिल्हा रुग्णालय, १४ वर्षं सर्व्हिस. तुमचं मागचं उत्तर वाचलं आणि पटलं नाही म्हणून स्पष्टच लिहिते. रात्रपाळीला आम्ही दोघी, पेशंट ४०, आणि अशी मुलगी येते तेव्हा सोबत पंधरा नातेवाईक येतात, आरडाओरडा करतात, शिव्या देतात. डॉक्टर सांगतात डिस्टिल्ड वॉटर दे. ते दिलं की दोन मिनिटांत थांबते. मग हे नाटक नाही तर काय? आणि त्याच वेळी शेजारच्या कॉटवर खरा पेशंट असतो त्याचं काय? — एक सिस्टर, विदर्भ

उत्तर: सिस्टर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. या पानांवरचं सगळ्यात प्रामाणिक पत्र तुमचं आहे, आणि मी तुम्हाला वरून उपदेश करणार नाही, कारण मी हे सगळं केलंय. इंटर्नशिपला असताना एका बाईच्या नखावर पेन ठेवून दाबलं होतं मी, सीनियर बघत होते म्हणून अजून जोरात. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं पण हात हलला नाही. आम्ही म्हणालो, बघा, रडतेय, म्हणजे शुद्धीत आहे. ती बाई फिट थांबल्यावर उठून बसली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. ते बघणं मला अजून दिसतं. तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं की रडणं हे या फिटमध्ये होतं, ते पकडलं गेल्याचं लक्षण नाहीये.

पाण्याच्या इंजेक्शनचं. फंक्शनल फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबतेच, कोणीतरी लक्ष दिलं, काहीतरी उपचार सुरू झाला असं वाटलं की मेंदूची ती धोक्याची घंटा उतरते आणि लवकर थांबते. त्यातून एवढंच कळतं की तिला सुरक्षित वाटल्याने फरक पडतो. डोकेदुखीसुद्धा साखरेच्या गोळीने कमी होते, म्हणून डोकं दुखत नव्हतं असं नाही. पण पाणी देऊन औषध दिलं म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ती उघड होतेच, कारण कोणीतरी मोठ्याने हसत "पाण्याने बरी झाली" असं सांगतंच. त्यानंतर ती बाई कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हॉस्पिटलात जाते, आणि तिथे पुन्हा इंजेक्शनं सुरू. सुईऐवजी तेच काम तुमचा आवाज करतो. "ताई, मी सिस्टर आहे, तुमचा ऑक्सिजन चांगला आहे, नाडी चांगली आहे, ही फिट थांबणारी आहे, मी पाच मिनिटांनी परत येते." आणि परत या. नातेवाईकांनाही तुमच्याच तोंडून कळू दे की धोका नाही, पण आजार खरा आहे. पंधरा नातेवाईक ओरडतात कारण कोणी त्यांना काही सांगितलेलं नसतं, किंवा नाटक आहे असं सांगितलेलं असतं.

ओळखायचं कसं हे तुम्हाला माहीत असायला हवं. डोळे घट्ट मिटलेले आणि उघडायला गेलं तर पापण्या आवळणं, मान नाही-नाही म्हटल्यासारखी डावी-उजवी हलणं, हालचाल मध्येच थांबून परत सुरू होणं, हातपाय वेगवेगळ्या तालात हलणं, बराच वेळ चालणं, मध्ये रडणं, हे फंक्शनलकडे झुकतं. एपिलेप्सीच्या मोठ्या फिटमध्ये डोळे बहुतेक उघडे असतात, दोन-तीन मिनिटांत ती संपते, ओठ निळे पडतात, जीभ कडेला चावली जाते, नंतर घोरल्यासारखा श्वास आणि बराच वेळ गोंधळलेपण. पण यातलं एकही लक्षण एकटं पुरेसं नाही. मेंदूच्या पुढच्या भागातली एपिलेप्सी इतकी विचित्र दिसते की मोठमोठे डॉक्टर फसतात. लघवी होणं, मार लागणं हे दोन्हींत होतं. आणि फंक्शनल सीझर असलेल्यांपैकी पाचातल्या एकाला, थोडं कमीजास्त, एपिलेप्सीसुद्धा असते, दोन्ही एकाच माणसात. म्हणून शिक्का मारायचं काम रात्रीच्या ड्युटीवर कोणी करूच नये, लक्षणं जशी दिसली तशी वेळेसकट लिहून ठेवा, पुढच्या डॉक्टरला ते सोन्यासारखं असतं.

शेजारच्या कॉटवरच्या 'खऱ्या' पेशंटबद्दल. एपिलेप्सीच्या पेशंटला आधी बघा, त्यात काहीच चूक नाही, तातडी ज्याची जास्त त्याला आधी. मला खटकतो तो शब्द, खरा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये व्हिडिओ ईईजी झालेल्या पेशंट्सची माहिती पुढे अनेक वर्षं तपासली, २०२० मध्ये छापून आलं, तर फंक्शनल सीझरवाल्यांत मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या अडीचपट निघालं. फिटने माणसं मेली असा त्याचा अर्थ नाही, कारणं वेगवेगळी होती, पण ही धडधाकट माणसं वेळ घालवायला दवाखान्यात येतात हे त्यातून तरी दिसत नाही. माझ्या वाचकांना घाबरवायला हे लिहीत नाहीये, ड्युटीवरच्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी लिहितेय.

आणि ४० पेशंटना दोन सिस्टर ही तुमची चूक नाही. थकलेला माणूस पटकन कडू बोलतो, तेही मला माहितीये.

प्रश्न: मी रिक्षा चालवतो, वय ३८. मला असे झटके येतात. डॉक्टर म्हणले हा बायकांचा आजार आहे, तुला कसा होईल, दारू सोड. मी माळकरी आहे, दारूला शिवत नाही. आता सांगा. — बीड

उत्तर: माउली, पेशंटांत बायका जास्त असतात हे खरंय, साधारण चारात तीन, पण चौथा पुरुषच असतो. हिस्टेरिया या जुन्या नावातच गर्भाशयाचा ग्रीक शब्द दडलाय, नाव गेलं पण समजूत राहिली. पॅरिसच्या सालपेट्रिएर हॉस्पिटलात शार्को नावाच्या डॉक्टरने १८८० च्या दशकातच धडधाकट कामगार पुरुषांत हे झटके दाखवून दिले होते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांची माहिती बरीच मागे आहे. तुमचा इतिहास न ऐकता दारू ठरवून टाकली याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजची न्यूरॉलॉजी किंवा मेडिसिन ओपीडी, व्हिडिओ घेऊन. एक विनंती आहे, आणि ती जड आहे हे कळतंय: झटके पूर्ण थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिक्षा चालवू नका. निदान काहीही निघो, हँडल हातात असताना ताबा सुटला तर तुमचा आणि सवारीचा जीव जाईल. विहिरीवर, गच्चीच्या कडेला, एकट्याने पोहायला, तेही सध्या नको.

प्रश्न: मॅडम नमस्कार. शेतकरी माणूस आहे, चुकभूल माफ करा. मुलगी २१ ची, दोन वर्षं झाली फिट येती. देवाचं केलं, बाहेरचं बघितलं, तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं हिस्टेरिया आहे, लगीन लावून द्या, आपोआप बरी हुईल. स्थळ आलंय. पोरगी नको म्हणती. काय करू, त्यांना सांगावं का झाकावं? — सोलापूर जिल्हा

उत्तर: दादा, चूक काही झालेली नाही, तुम्ही विचारलंत हेच मोठं. लग्न हा या आजाराचा उपचार नाही. कुठल्याच पुस्तकात नाही, कुठल्याच अभ्यासात नाही. नवीन घर, नवीन माणसं, झोप कमी, मनाविरुद्ध झालेली गोष्ट, यात फिटा वाढलेल्याच मी जास्त बघितल्यात, आणि मग सासरचे म्हणतात फसवलं. पोरगी नको म्हणतेय ना, मग नको. तिला विचारा का नको, आणि उत्तर देताना तुम्ही मध्ये बोलू नका.

एक गोष्ट डॉक्टर लोकांसाठी पण इथेच लिहिते. घरी काही टेन्शन आहे का, हा प्रश्न आपण बापासमोर, नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारतो आणि पेशंट नाही म्हणाली की लपवतेय असं लिहितो. अहो, ज्याचं टेन्शन तोच शेजारी स्टुलावर बसलाय, काय सांगेल ती? नातेवाईकांना बाहेर बसवा, दार लोटा, मग विचारा. मारहाण, जबरदस्ती, लहानपणचं काही, हे कधी असतं, कधी नसतं. आणि खरंच काही नसलं तरी फंक्शनल सीझर असू शकतो, मानसिक कारण सापडलंच पाहिजे ही अट २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणातूनही काढून टाकलीय. काहीच घडलं नाही म्हणणाऱ्या पेशंटला खोदून खोदून विचारणं हाही एक छळ होतो, तशी पत्रं या वेळी तीन आलीत.

झाकायचं का, तर नाही. पुढे कधी तिच्या मर्जीने ठरलं तर आधी सांगा, डॉक्टरांचा कागद दाखवून सांगा. फिटच्या नावाने कायद्याची भीती कोणी घातली तर ऐका, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये मिरगीचा उल्लेख होता तो १९९९ मध्ये काढून टाकला, आणि तुमच्या मुलीला तर बहुधा मिरगी नाहीच. आधी निदान पक्कं करा. मनावरच्या उपचारांसाठी तालुक्यात कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तिला स्वतःला बोलू द्या.

प्रश्न: निदान आत्ता बदललं, आधी सहा वर्षं एपिलेप्सीच्या गोळ्या, त्यात व्हॅल्प्रोएट आहे. आम्हाला बाळ हवंय. डॉक्टर म्हणाले गोळ्या आता लागणार नाहीत, पण बंद कशा करायच्या ते बोललेच नाहीत, पुढचा पेशंट आत बोलावला. — पुणे

उत्तर: थांबा, एकदम बंद करू नका, आणि बाळाचा विचार गोळीचं ठरेपर्यंत पुढे ढकला. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या बाळांत साधारण शंभरातल्या दहांना जन्मतः व्यंग असतं आणि तीस ते चाळीस जणांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यात अडचणी दिसतात, म्हणून मूल होण्याच्या वयात ही गोळी टाळायला सांगतात. पण एकदम सोडली आणि आत एपिलेप्सीही असली तर खरीखुरी मोठी फिट येऊ शकते. डोस हळूहळू, काही आठवड्यांत उतरवायचा असतो, लेखी वेळापत्रक घेऊन. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि फक्त एवढ्यासाठी वेळ मागा. तुमच्या सहा वर्षांच्या फाईलची प्रतही मागा, मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत असं डॉक्टरांच्या वागणुकीच्या २००२ च्या नियमांत आहे. सहा वर्षं नको ती गोळी खाल्ली याचा राग येणारच, रडू पण येईल. निदान बदललं की बरं वाटतं आणि पायाखालची जमीन पण सरकते, दोन्ही एकदम होतं.

प्रश्न: न्यूरोवाले म्हणतात तुमची केस सायकियाट्रीची, सायकियाट्रीवाले म्हणतात तुम्हाला डिप्रेशन वगैरे काही नाही, न्यूरोला दाखवा. तीन फेऱ्या झाल्या. मी नेमका कोणाचा पेशंट? आणि इन्शुरन्सवाले मानसिक म्हणून क्लेम देत नाहीत. — ठाणे

उत्तर: दोघांचे. हा आजार नेमका त्या दोन ओपीडींच्या मधल्या पॅसेजमध्ये राहतो आणि पेशंट तिथेच फिरत बसतो. "तुमचा आजार माझ्याकडचा नाही" हे वाक्य पेशंटला "तुम्हाला आजारच नाही" असं ऐकू येतं, डॉक्टरांच्या हे लक्षातच येत नाही. निदान नीट सांगणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे, नाव सांगून, का होतं ते सांगून, कशावरून ठरवलं ते व्हिडिओ दाखवून. नुसत्या एवढ्यावर काहींच्या फिटा कमी होतात. पुढचा भाग सीबीटीसारख्या बोलण्याच्या उपचारांचा, त्यात फिट यायच्या आधीची चाहूल ओळखायची, ती आली की लक्ष दुसरीकडे वळवायचं, पाय जमिनीवर दाबून समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, टाळायला लागलोय त्या जागी हळूहळू परत जायचं. ब्रिटनमध्ये सीबीटी घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांत ३६८ पेशंट्सची मोठी ट्रायल झाली, २०२० मध्ये निकाल आला. खरं सांगायचं तर वर्षभरानंतर फिटांच्या आकड्यात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, पण सीबीटी घेतलेल्यांचं रोजचं जगणं, कामकाज सुधारलं, फिटशिवायचे सलग दिवस वाढले. माझ्या दृष्टीने हे मोठं आहे, माणूस नोकरीवर परत जाणं हे आकड्यात बसत नाही. याला महिने लागतात, आणि तोपर्यंत न्यूरॉलॉजिस्टने हात सोडायचा नसतो.

इन्शुरन्सचं लवकर सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे, नकार लेखी मागा, कायद्याचं नाव घालून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या, नाहीच ऐकलं तर विमा लोकपाल.

आणि ओपीडीत पुढच्या वेळी दोन वाक्यं बोला. एक, "सर, तुम्ही त्या डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहाल का, की तुमचं निदान काय आणि त्यांच्याकडून तुम्हाला काय हवंय?" दुसरं, खुर्चीतून उठायच्या आधी, "परत कधी येऊ?" तारीख केसपेपरवर लिहून घ्या.